झाकणावरचा शेंदूर

नाना, दोन-तीन महिन्यांपूर्वी मी विभागातल्या थंड शेकरचं झाकण पहिल्यांदा पूर्ण वर उचललं आणि मान वाकडी करून आतल्या बाजूने पाहिलं. एरवी ते अर्धंच उघडतो. हात आत घालून काचेचे चंबू बसवायचे, बटण दाबायचं, यंत्र त्यांना रात्रंदिवस थंडीत हलवत राहतं. आत वरच्या अंगाला लालकाळा थर साचला होता, दुधावर साय धरावी तसा. त्यात कुणाचा तरी केस होता, चिलटं चिकटून वाळली होती, आणि कडेला तेलकट पाण्याचे थेंब लोंबत होते. बरोबर खाली माझे चंबू. एका चंबूच्या तोंडाशी लावलेल्या कापसाच्या बोळ्यावर लाल ठिपका पडलेला. मला उमासा आला, बेसिनपर्यंत पळावं लागलं. तोंड धुताना तुम्ही आठवलात. प्रेमाने नाही आठवलात, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिणं सोपं होईल.

तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होते, त्यामुळे मी पुढे काय केलं ते तुम्हाला ठाऊक नाही. मी यीस्टवर संशोधन करते, इथेच झाशीत, विद्यापीठात. यीस्ट म्हणजे ते खमीर, ज्याच्यापायी आपल्या प्रेम नगरच्या घरात कधी पाव आला नाही. ‘नासवलेलं पीठ’ म्हणायचात तुम्ही. मी एकदा विचारलं होतं, मग जिलबी कशी चालते, तिचंही पीठ आंबवतातच ना? तुम्ही रेल्वेच्या कचेरीतून नुकते आला होतात. सदरा खुंटीला अडकवत म्हणालात, ‘जिलबी तुपात तळतात. तूप लागलं की दोष जातो.’ मला ते पटलं. इथे सगळ्यांनाच पटतं. शेजारच्या चाचीसुद्धा तव्यावरची रोटी कुणाच्या घरची खायच्या नाहीत, पण पुरी खायच्या. तूप, तेल, लोणी हे दोष घालवणारं असतं, हे मी तुमच्याकडून शिकले. आता माझा सगळा दिवस चंबूंवरचं तूपतेल घालवण्यात जातो.

माझं काम काय ते सांगते. यीस्टच्या पेशीभोवती एक पातळ कातडं असतं आणि ते मेदाचं असतं. त्या मेदाच्या प्रत्येक कणाला एक डोकं आणि दोन लांब शेपट्या. डोकी पाण्याकडे तोंड करून उभी, शेपट्या आत एकमेकींना टेकलेल्या. थंडी पडली की त्या शेपट्या थिजू लागतात, जानेवारीत आपलं खोबरेल बाटलीत थिजायचं आणि आई ती बाटली गच्चीवर उन्हात ठेवायची, तसं. पेशीला गच्ची नाही. ती काय करते, तर मेदाचा अख्खा कण टाकून देत नाही. एक एन्झाइम येऊन त्याची एक शेपटी कापतं आणि दुसरं येऊन त्या जागी वेगळी शेपटी जोडतं, जराशी वाकडी किंवा आखूड. वाकड्या शेपट्या दाटीने बसू शकत नाहीत, म्हणून कातडं मऊ राहतं. पुन्हा ऊब आली की पुन्हा अदलाबदल. हे सगळं पेशी जगत असताना, वाढत असताना चालतं. तुम्ही खाटेची नवार अशीच बदलायचात. आई खाटेवर मटार सोलत बसलेली असायची आणि तुम्ही खाली उकिडवे बसून सैल पट्टी काढून नवी ओवायचात. ‘उठू नकोस, नुसती सरक,’ म्हणायचात तिला. आमच्या सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, फळ्यावर शेपट्यांची अदलाबदल काढून दाखवली तेव्हा मला ती खाट दिसली आणि मी हा विषय घेतला. विचारणाऱ्यांना मी वेगळं कारण सांगते, जास्त शास्त्रीय वाटेल असं.

चौथीपर्यंत तुम्ही मला शाळेत घातलं नाहीत. लोकांना सांगायचात की मुलगी अशक्त आहे. खरं कारण शाळेतला माठ होता, त्यात सगळ्यांचे पेले बुडायचे. सकाळी कचेरीला जाण्याआधी स्वयंपाकघरात पाटावर बसून माझी शाळा भरते: मराठी वाचन, पाढे, आणि तांब्या घासणं. राखेने घासून झाला की तुम्ही तांब्यावर हळूहळू पाणी ओतता आणि आपण दोघं पाहतो. पाणी सगळीकडे सारखं पसरलं तर ठीक. कुठे फाटलं, थेंब होऊन निसटलं, तर तिथे अजून तुपाचा हात आहे. ‘फाटलं. परत घास.’ मी रडत रडत परत घासते. माझी बोटं राखेने चरचरतात आणि तुम्ही घड्याळाकडेही बघत नाही. आजही मी प्रत्येक चंबू तसाच बघते. मेदाच्या कामात बोटाचा एक ठसा पुरतो सगळं बिघडवायला. माझ्याआधी लागलेली एक संशोधक आहे, तिला मी दीदी म्हणते. ती माझ्या मागे उभी राहून हसते. ‘अरे पंडिताइन, धुल गया! अब क्या आरती भी उतारोगी इसकी?’

आणि त्याच तुम्ही मला मोठ गावी, आत्याकडच्या सत्यनारायणाला नेलंत. पंचामृताचं भांडं फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं तेव्हा त्यात केस होता. लांब, पांढरा, तुपाच्या तवंगातून अर्धा वर आलेला. मी हात मागे घेतला आणि म्हटलं, ‘यात केस आहे.’ तुम्ही माझं मनगट धरलंत, जोरात. ‘पंचामृतात घाण नसते. घे.’

‘पण नाना, दिसतोय—’

‘घे म्हटलं ना.’

आत्या म्हणाली, ‘काय बाई नखरे! झाशीत राहून राणीच झाली ही तर.’ सगळे हसले, तुम्हीही हसलात. मी ते प्यायले. ते कोमट होतं, दही फुटलेलं, आणि मधाच्या गोडीखालून आंबूस वास येत होता. परतीच्या बसमध्ये तुम्ही रुमालातून एक पेढा काढून मला दिलात. मी तो खिडकीबाहेर टाकला. तुम्ही पाहिलंत आणि काही बोलला नाहीत. नंतरही कधी नाही. त्या न बोलण्याचा अर्थ मी इतकी वर्षं लावते आहे. फाटलेलं पाणी बघायला तुम्हीच शिकवलंत आणि दिसणारा केस दिसत नाही म्हणायलाही तुम्हीच. दोन्ही एका घरात कसं ठेवायचं ते न सांगता निघून गेलात.

आता सरांबद्दल. सर वाईट माणूस नाहीत. थंड शेकर मिळावा म्हणून ते दोन वर्षं अर्ज करत होते. तो आला तेव्हा त्यांनी नारळ फोडला, उदबत्ती लावली, सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या, तेलात शेंदूर कालवून अनामिकेने झाकणाच्या आतून स्वस्तिक काढलं. आतून अशासाठी, की बाहेरचं सफाईवाल्या भैयाने पुसून टाकलं असतं. त्यानंतर दर मंगळवारी ते येतात, झाकण थोडं उचलतात आणि जुन्या रेघांवर नवं तेल-शेंदूर चढवतात. मग तेच बोट पँटला पुसल्यासारखं करून डब्यातली बुंदी आम्हाला वाटतात. ‘लो बेटा, प्रसाद है, मना नहीं करते.’ बुंदीच्या दाण्यावर लाल तेलाचा ठसा उमटलेला असतो. मी ती तोंडात घेते, गालात धरून ठेवते आणि सर वळले की बेसिनकडे जाते. दीदी एकदा म्हणाली, ‘तेरे गाल में तो पूरा हलवाई बैठा है.’ मी हसले. हसताना ती तेलकट साखर जिभेवर विरघळली.

आम्ही यीस्ट थंडीत वाढवतो, त्यातला मेद काढतो, त्यातून कातड्याचा मेद वेगळा करतो आणि तपासायला दुसऱ्या गावी पाठवतो. तिथून आलेख येतो, प्रत्येक जातीच्या शेपटीचं एक शिखर. या यीस्टकडे स्वतःच्या मुख्य शेपट्या चारच. गेल्या वर्षी थंडीतल्या नमुन्यांत पाचवं शिखर आलं, लिनोलेइक नावाच्या शेपटीचं. ती तेलबियांत भरपूर असते. आमचं यीस्ट ती बनवूच शकत नाही. उबेत, दुसऱ्या शेकरमध्ये वाढवलेल्या यीस्टमध्ये ती नव्हती, फक्त थंडीतल्या. सरांनी आलेख खिडकीपाशी नेला, परत आणला, पुन्हा नेला.

‘ये तो खुद बना रहा है! ठंड लगी तो बना लिया!’

‘सर, पर इसमें वो एन्झाइम ही नहीं है. किताब में तो…’

‘किताब में नहीं है. किताब यीस्ट ने पढ़ी है क्या?’

खूप दूर, आलेखाच्या शेवटाकडे, अजून एक बुटकं शिखर होतं. मी त्यावर बोट ठेवलं. ‘मशीन की खाँसी है, छोड़ो,’ सर म्हणाले. त्या दिवसापासून माझ्या प्रबंधाचा अर्धा भाग हे पाचवं शिखर झाला. बाहेरून तज्ज्ञ यायचे होते, त्यांच्यापुढे मला ते मांडायचं होतं, आणि मग सर ते छापायला पाठवणार होते. निवृत्तीआधी एक तरी नवी गोष्ट आपल्या नावावर असावी, असं ते एकदा चहा पिताना म्हणाले होते, माझ्याकडे न बघता.

मला वाटलं, तेल माझंच असणार. मी केसांना तेल लावणं बंद केलं. आई म्हणाली, ‘डोक्याचा झाडू करून घेतलायस, कोण बघेल?’ मी डबा विभागाबाहेर झाडाखाली बसून चमच्याने खाऊ लागले. हात इतके धुतले की बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या. पाचवं शिखर तिथेच. मग एका सकाळी चंबूच्या बोळ्यावर तो लाल ठिपका दिसला आणि मी झाकण पूर्ण वर उचललं.

पुढच्या नमुन्यांबरोबर मी त्या लाल थराचा एक पोपडा पाठवला आणि आपल्या स्वयंपाकघरातलं सरसोंचं तेलही, एका लहान बाटलीत. दोन्हीत लिनोलेइक निघालं. दोन्हीत ते दूरचं शिखरही निघालं, उंच, पहाडासारखं. सरसोंच्या तेलाची ती खूणच असते, यीस्टच्या घरात ती शेपटी कधी नसते. सगळा उलगडा झाला. थंडीमुळे झाकणाला आतून पाणी सुटायचं, पाण्याबरोबर तेल बोळ्यावर ठिबकायचं, बोळ्यातून चंबूत. शिळ्या तेलातल्या शेपट्या आपोआप सुट्या झालेल्या असतात. यीस्टने त्यातली सोयीची, वाकडी लिनोलेइक उचलली, स्वतःच्या मेदाची एक शेपटी कापली आणि ही ओवली. सरसोंची ती लांबलचक शेपटी बहुतेक नाकारली, थोडी आत शिरली तेवढीच. नाना, देवाचं तेल, त्यात केस, त्यात चिलटं, त्यात सरांच्या बोटाचा घाम, आणि ही पेशी त्यातून हवं ते निवडून कातड्यात विणते आहे. तिला ना सोवळं ना ओवळं. मला तिची किळस आली आणि हेवाही वाटला.

दोन दिवस मी जेवू शकले नाही. सांगितलं तर अर्धा प्रबंध जातो, सरांचं स्वप्न जातं, आणि देवाला घाण म्हटल्यासारखं होतं. नाही सांगितलं तर ते खोटं माझ्या नावाने छापून येतं. तिसऱ्या दिवशी मी आलेख घेऊन सरांच्या खोलीत गेले. त्यांनी तिन्ही आलेख एकावर एक धरून उजेडात पाहिले. त्यांना कळलं, तेवढं रसायन त्यांना माझ्याहून जास्त येतं. पण ते म्हणाले, ‘तो तुम ये कह रही हो कि भगवान का तेल गंदा है?’

‘नहीं सर. गंदा नहीं है. पर तेल तो है.’

‘पंडितों की लड़की होके.’

माझ्या मनगटाला हात लागल्यासारखं वाटलं, खरंच, मी मनगटाकडे पाहिलंसुद्धा. मग सर खूप थकलेल्या आवाजात म्हणाले, ‘ठीक है. साफ कर दो. मैं हाथ नहीं लगाऊँगा.’

दीदीनेही हात लावला नाही. ‘मेरी तो शादी होनी है बहन, मुझे मत फँसा,’ म्हणत ती दारात उभी राहून बघत होती, नाकाला ओढणी लावून. मी स्पिरिटचा बोळा घेतला आणि माझाच हात वर जाईना. इतकी घाण वाटत होती, आणि तरी पहिला बोळा लावण्याआधी मी डोळे मिटून नमस्कार केला. मग घासलं. थर चामड्यासारखा निघत होता, त्याखाली पिवळा चिकट डिंक, त्याखाली आणखी जुना लाल. खवट वास नाकातून घशात उतरला. तेल कोपरापर्यंत ओघळलं. मी तीनदा थांबले आणि बाहेर जाऊन श्वास घेतला. शेवटी झाकणावर पाणी ओतलं आणि ते सारखं पसरलं. लाल झालेले बोळे मी कचऱ्यात टाकू शकले नाही. शेंदूर कचऱ्यात टाकत नाहीत. प्रयोगशाळेच्या कचऱ्यात तर जंतूंच्या बशा असतात. मी ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधले, पिशवी आणखी एका पिशवीत घातली आणि स्कूटीच्या डिक्कीत ठेवली.

प्रयोग परत केला. चार शिखरं आली. पाचवं गेलं, जसं कधी नव्हतंच.

तज्ज्ञ आले त्या दिवशी मी उरलेलं मांडलं: थंडीत कोणती शेपटी आधी कापली जाते, कुठली तिच्या जागी येते. लहान गोष्ट आहे, पण खरी आहे. तज्ज्ञांनी जुन्या नमुन्यांबद्दल विचारलं, कारण त्यांच्याकडे आधीचा गोषवारा होता. मी सांगितलं, त्यांत बाहेरचं तेल गेलं होतं. ‘ये तेल आया कहाँ से?’ सर पहिल्या रांगेतून म्हणाले, ‘ग्लासवेयर ठीक से धुला नहीं था. बच्चे हैं, सीख रहे हैं.’ सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चंबूंबद्दल, नाना. माझे कान तापले, तोंडात तीच खवट चव आली. मला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. पण मी त्या तज्ज्ञांचा चेहरा पाहिला, मिशीखाली हसू तयार असलेला, आणि मला कळलं की शेंदूर म्हटल्याबरोबर ते हसतील, सगळी खोली हसेल. ते हसू सरांवर पडेल, आणि तिथून पुढे, मला दिसलं, तुमच्यापर्यंत येईल. तुमच्यावर मी चिडते, तो माझा प्रश्न आहे. त्यांनी हसायचं नाही. ‘जी सर,’ मी म्हटलं, ‘अब ठीक से धोती हूँ.’ खाली बसल्यावर मला स्वतःचीच इतकी किळस आली की हात मांडीखाली दाबून धरावे लागले.

परवा संध्याकाळी मी ती पिशवी घेऊन लक्ष्मी तालाच्या काठावर गेले. तुम्ही असता तर म्हणाला असता, पाण्यात सोड. पण पाणी नाहीच ते. हिरवी साय, त्यावर निर्माल्याच्या फुगलेल्या पिशव्या, एका तसबिरीची काच, मेलेला मासा पोट वर करून. माझ्या शेजारी एका बाईने हारांची पिशवी भिरकावली, हात जोडले आणि नाक दाबून परत फिरली. आत टाकलं तर माझं तेल त्या सगळ्यात मिसळणार होतं. नाही टाकलं तर ते पुन्हा माझ्याबरोबर घरी येणार होतं. अंधार पडेपर्यंत उभी राहिले आणि पिशवी तशीच परत आणली.

हे पत्र तुमच्या फोटोमागे खोचून ठेवावं असं लिहायला बसताना वाटलं होतं. पण आई तिथली धूळ रोज पुसते, तिच्या हाती लागेल. उद्या फाडून टाकेन बहुधा. पिशवी अजून डिक्कीतच आहे, आता वास येतो. आई भाजी आणायला निघते तेव्हा डिक्की उघड म्हणते, आणि मी तिला सांगते की कुलूप बिघडलंय.